पोरगी म्हणते 'ग्लोबल स्टडीज' करणार. नक्की काय शिकवतात त्यात?

हिरण्यकेशी | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही गडहिंग्लजचे. मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो, घरचा दोन एकर ऊस आहे. लेक पुण्यात टी. वाय. बी. ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. दिवाळीला घरी आली आणि फराळाच्या ताटावरच जाहीर केलं, एम. ए. 'ग्लोबल स्टडीज'मध्ये करणार. आंतरराष्ट्रीय, तुलनात्मक वगैरे. माझी आई म्हणाली, "म्हंजे भूगोल न्हवं?" लेक हसली. पण खरं सांगतो, मलाही आईपेक्षा फार जास्त कळलं नव्हतं.

तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक दिल्लीचं जेएनयू, सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा देऊन. दुसरी जर्मनी, तिथं म्हणे पहिलं वर्ष एका देशात आणि दुसरं दुसऱ्या. मला विचारायचंय ते एवढंच: शिकवतात काय, राज्यशास्त्राहून वेगळं काय, आणि पुढं पोटापाण्याचं काय. "बी. एड. कर" म्हणालो तर दोन दिवस बोलली नाही.

तिरकस | शनिवार, रात्री १०:०२

जगाचा अभ्यास करायचा आणि शेवटी पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची पकडायची. झाला कोर्स. (हलकं घ्या.)

जास्वंद | शनिवार, रात्री १०:१०

वाचतेय. माझा भाचाही याच वाटेवर आहे.

गंगाढाबा | शनिवार, रात्री ११:३१

आयडीवरून कळलंच असेल (गंगा ढाबा जेएनयूतलाच), मी तिथलीच. कराडची मुलगी दिल्लीत जाऊन कोयना हॉस्टेलमध्ये राहिली, यावर घरी अजून विनोद होतात.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय हा विषय आपल्याकडे असा का आहे ते समजत नाही. १९५५ मध्ये दिल्लीत सप्रू हाउसला इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं. त्याच वर्षी बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश एकत्र बसले होते. नव्या देशाला जगाची माहिती असलेली माणसं हवी होती, म्हणून हे स्कूल. १९७० मध्ये ते जेएनयूत विलीन झालं. त्यामुळे तिथली रचना अजूनही जगाच्या नकाशासारखी आहे: पश्चिम आशियाचं केंद्र वेगळं, आफ्रिकेचं वेगळं, पूर्व आशियाचं, रशिया-मध्य आशियाचं, कॅनडा-अमेरिका-लॅटिन अमेरिकेचं. आंतरराष्ट्रीय व्यापाराला आणि तुलनात्मक राजकारणालाही स्वतंत्र केंद्रं आहेत.

म्हणजे आजी अगदीच चुकल्या नाहीत, थोडा भूगोल आहेच. वर अर्थशास्त्र, इतिहास आणि कायदाही. राज्यशास्त्रात 'राज्य म्हणजे काय' हे शिकतो. इथे 'दोन राज्यांना एकच प्रश्न पडला तर उत्तरं वेगवेगळी का निघाली' हे विचारतात. मला तरी एवढाच फरक जाणवला.

फीची काळजी नको. शिकवणीचं शुल्क वर्षाला काहीशे रुपये असायचं, मेसचा खर्चच त्याहून कितीतरी जास्त. एक खंत मात्र आहे. आमच्या वेळी प्रवेशपरीक्षेत निबंधासारखी उत्तरं लिहायची होती. २०१९ पासून पर्याय निवडायचे प्रश्न आले. तीन तास पेन घासून आत गेलेल्या बॅचचं आपसांतलं नातं वेगळं होतं, असं आम्हा म्हाताऱ्यांना वाटतं.

तिरकस | शनिवार, रात्री ११:४०

@गंगाढाबा, मेसच्या खर्चापेक्षा फी कमी म्हणूनच लोक तिथं दहा-दहा वर्षं राहतात का?

गंगाढाबा | शनिवार, रात्री ११:४४

आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांची पीएचडी तिथलीच आहे. त्यांनाही विचारून बघा.

तिरकस | शनिवार, रात्री ११:४६

एक जयशंकर दाखवला की बाकीचे हजार झाकले जातात. लॉटरीवाला पण बक्षीस लागलेल्याचाच फोटो लावतो.

लाइपझिगकर | रविवार, पहाटे २:१५

(इकडे अजून शनिवारच आहे.) काका, तुमची मुलगी म्हणतेय तो बहुतेक मी केलेलाच कोर्स. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेतला. लाइपझिग, व्हिएन्ना, पोलंडचं व्रोत्सवाफ, बेल्जियमचं गेंट, डेन्मार्कचं रोस्किल्ड यांपैकी दोन ठिकाणी दोन वर्षं. मी लाइपझिग आणि व्रोत्सवाफ केलं. शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १४०० युरो आणि कोर्सची फी माफ. मिळाली नाही तर मात्र पुन्हा विचार करा, दोन एकर उसावर जमणारं नाही. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं फुकट असतात हे अर्धसत्य आहे. फ्रायबुर्गलाही असाच चांगला कोर्स आहे, केपटाउन, ब्युनोस आयर्स, बँकॉक आणि जेएनयू त्यांचे भागीदार. पण फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे ते बाडेन-व्युर्टेंबर्ग २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं.

त्याशिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट: वर्षाचे ११,९०४ युरो आधीच बँकेत अडकवून ठेवायचे, महिन्याला ९९२ सुटतात. शिष्यवृत्तीवाल्यांना ते लागत नाही. एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं) २०२२ च्या नोव्हेंबरपासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं झालंय, त्यालाही वेळ जातो. निकालाची वाट न पाहता कागदं आत्ताच गोळा करायला लागा.

आता अभ्यासाचं. पहिल्या महिन्यात मी हादरलो होतो. वर्गात पंचवीस जण, अठरा देशांचे. प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "१९८९ हे तुमच्यासाठी कसलं वर्ष आहे?" जर्मन पोरं म्हणाली बर्लिनची भिंत. पोलिश पोरगी म्हणाली, भिंत नोव्हेंबरात पडली, आमच्या निवडणुका जूनमध्येच झाल्या होत्या. चिनी मुलगा (तिआनमेन चौकातल्या गोळीबाराचं वर्ष ते) गप्प बसला. चिलीवाली म्हणाली, हुकूमशहा पिनोशे असतानाची निवडणूक. माझी पाळी आली. मला आठवलं ते राजीव गांधी हरले, ते. त्या तासाला आम्हाला काहीच 'शिकवलं' नाही, पण एकच वर्ष पाच ठिकाणी पाच वर्षं असतं हे डोक्यात बसलं.

मोडीवाचक | रविवार, सकाळी ७:२०

वा, लाइपझिगकर. हाच खेळ १६४८ वर खेळा. या विषयाच्या पहिल्या तासाला जगभर वेस्टफालियाचा तह शिकवतात. ऑक्टोबर १६४८, तिथून म्हणे सार्वभौम राज्यांची व्यवस्था सुरू झाली. त्याच वर्षी जुलैत जिंजीजवळ शहाजीराजे कैद झाले आणि अठरा वर्षांच्या शिवरायांपुढं पेच उभा राहिला: विजापूरचा दबाव, मुघलांशी संधान, वडिलांची सुटका. सार्वभौमत्वाचा प्रश्न इथंही होताच की. त्याचा तास कुणी घेत नाही.

'आज्ञापत्र' या मराठी राज्यनीतीवरच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांबद्दल (युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल) लिहिलंय ते तर या विषयाच्या विद्यार्थ्याने वाचायलाच हवं. आशय असा की फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) हेही सावकारीच करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या प्रत्येकाच्या मागे एकेक राज्य उभं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, पन्हाळा-कोल्हापूरच्या परिसरात बसून! व्यापारी कंपनी आणि तिच्यामागचं राज्य यांचं नातं यापेक्षा कमी शब्दांत कुणी मांडलेलं मी तरी वाचलेलं नाही.

कळसूबाई | रविवार, सकाळी ८:०५

+१. मोडीवाचक, यावर वेगळा धागा काढा. इथं हरवेल.

तिरकस | रविवार, सकाळी ८:३०

काकांनी नोकरीचं विचारलं होतं. धागा जिंजीला पोचला.

अभ्यासिका_क्र_४ | रविवार, सकाळी ९:१२

नोकरीचं मी सांगतो. स्पर्धा परीक्षेत हा विषय वाया जात नाही. यूपीएससीला वैकल्पिक म्हणून पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध) घेणारे भरपूर आहेत. पाचशे मार्कांपैकी दुसरा पेपर, म्हणजे २५०, तुलनात्मक राजकारण आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा. जीएसच्या (सामान्य अध्ययनाच्या) दुसऱ्या पेपरलाही येतो. एमपीएससी राज्यसेवाही आता वर्णनात्मक झालीय.

पण सर, आयएफएसच्या (परराष्ट्र सेवेच्या) जागा वर्षाला पन्नासच्या आतबाहेर. बसणारे किती ते विचारू नका. मी चौथा अटेम्प्ट देतोय. मुलीला विषय आवडत असेल तर विषयासाठी करू दे. परीक्षेसाठी म्हणून एम. ए. करायला पाठवू नका, परीक्षेला एम. ए. लागतच नाही.

तिरकस | रविवार, सकाळी ९:२०

अभ्यासिकेवरचा माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो भावा. चौथ्यासाठी शुभेच्छा.

शेवंती | रविवार, दुपारी १२:४०

मी या क्षेत्रात अकरा वर्षं आहे, म्हणून जरा कडू बोलते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कला सहा महिन्यांपर्यंत स्वतःच्या खर्चाने राहायचं. कुणाची पोरं राहू शकतात ते तुम्हीच ठरवा. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी धाराशिव जिल्ह्यातली होती, तिने फॉर्मच भरला नाही.

मग लोक एनजीओत जातात. तिथंही २०२५ ने दणका दिला. अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली संस्था गुंडाळली आणि तो पैसा ज्यांच्या प्रकल्पात होता ते एका ईमेलवर घरी बसले. मीही बसले. संस्थेचं नाव घेत नाही, त्यांचाही नाइलाजच होता, पण शेवटच्या महिन्याचा प्रवासखर्च अजून यायचाय.

आता काय करते? पुण्यात खराडीला एका बँकेच्या बॅक ऑफिसात. कुठल्या कंपनीवर कुठल्या देशाचे निर्बंध आहेत, जहाज कुणाच्या मालकीचं, मालक कोण, मालकाचा मालक कोण. हे काम 'ग्लोबल स्टडीज'च्या जाहिरातीत कधीच नसतं, पण पगार वेळेवर होतो. आणि गंमत म्हणजे दहा वर्षांपूर्वी केलेला इराणवरचा टर्म पेपर इथं रोज कामाला येतो.

जास्वंद | रविवार, दुपारी १२:५५

शेवंती, हे कुणीच सांगत नाही. भाच्याला पाठवलं.

नाखवा | रविवार, दुपारी ३:३०

शिष्यवृत्तीचं निघालंय म्हणून. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज वेगळी. तिच्यात २०२२ साली एक कलम घातलं: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचा सामाजिक अभ्यास, असे विषय चालणार नाहीत. म्हणजे बीडच्या पोराने परदेशात जाऊन बीडवर संशोधन करायचं म्हटलं तर या पैशातून नाही. तुलनात्मक विषय घेणाऱ्यांनी तर नियम नीट वाचूनच विषयाचं नाव ठरवा. तुलनेतली एक बाजू भारत असेल तर काय करायचं, यावर आमच्याकडे दोन रात्री खल झाला होता.

आणि बाबासाहेब कोलंबियात जाऊन १९१६ साली जातीवरच निबंध वाचून आले होते, तोही बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. एवढंच नोंदवतो.

कळसूबाई | रविवार, दुपारी ३:४५

+१०००

फोंडेकर | रविवार, संध्याकाळी ६:१०

मी गोंयचा, फोंड्याचा. माझं मत जरा वेगळं. जेएनयू की लाइपझिग हा प्रश्नच दुय्यम. कुठला भाग आणि कुठली भाषा, ते आधी विचारा. भाषा नसलेला ग्लोबलवाला म्हणजे पोहता न येणारा खलाशी. होडीत बसतो, पण किनाऱ्याकडेच बघत असतो.

आमच्याकडे गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात. लोकांना वाटतं म्हाताऱ्यांचं खूळ किंवा पासपोर्टसाठी. मी शिकलो ते मोझांबिकसाठी. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्याचा राग पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. दुकानदार, कामगार, सगळे छावण्यांत. मग हद्दपारी. आपल्या पुस्तकात १९ डिसेंबरला धडा संपतो, तिथे तो सुरू होतो. ते कागद पोर्तुगीजमध्ये. इंग्रजीत त्यातलं किती येणार?

गंगाढाबा | रविवार, संध्याकाळी ६:४०

भाषेबद्दल शंभर टक्के. पण 'दुय्यम' म्हणू नका. मी फारसी घेतली, दोन वर्षं हौसेने शिकले, आणि प्रश्न काय विचारायचा हेच माहीत नसल्यामुळे तेहरानच्या वर्तमानपत्रातले अग्रलेख भाषांतर करत बसले. भाषेने दार उघडतं. आत कशासाठी शिरलो हे सिद्धांताच्या त्या कंटाळवाण्या पेपरातच कळतं.

फोंडेकर | रविवार, संध्याकाळी ६:५२

दार तरी उघडलं ना. आमचे काही प्राध्यापक चाळीस वर्षं कुलपावरच व्याख्यान देतात.

मिरचीभजी | रविवार, रात्री ८:१५

पुण्यात आहे तर रानडे इन्स्टिट्यूटचं नाव कुणी कसं घेतलं नाही? एफसी रोडवर, संध्याकाळच्या बॅचेस. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी. मी तिथं रशियन केलं. आयटीतच आहे, पण रशियन जोक कळतात.

तिरकस | रविवार, रात्री ८:२०

सांगा एखादा.

मिरचीभजी | रविवार, रात्री ८:२२

मराठीत आणला की मरतो.

हिरण्यकेशी | सोमवार, सकाळी ६:४५

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. शेवंतीताईंचं वाचून रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. लेकीला धाग्याची लिंक पाठवली आहे. तिने फक्त निळ्या दोन खुणा दिल्या आहेत.

एक विचारायचं राहिलं. आम्हा विज्ञानवाल्यांना प्रयोग करता येतो. दोन परीक्षानळ्या घ्यायच्या, एकीत एक गोष्ट बदलायची. देशांची तुलना कशी करणार? देश काय नळीत ठेवता येतात?

लाइपझिगकर | सोमवार, दुपारी १:३०

काका, हाच या विषयाचा गाभा. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली यावरच डोकं खपवलं होतं. दोन प्रकरणं अशी निवडा की बाकी बरंच सारखं आहे आणि निकाल वेगळा आहे, मग वेगळी असलेली गोष्ट शोधा. किंवा उलट करा. अडचण अशी की समाजात एकच गोष्ट वेगळी असलेली जोडी सापडत नाही. म्हणून मिललाच या बाबतीत भरवसा नव्हता. आम्ही त्याची पद्धत वापरतो आणि प्रबंधाच्या शेवटी माफी मागतो.

हिरण्यकेशीची_लेक | सोमवार, रात्री १०:२६

खातं आत्ताच उघडलं. बाबांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे, म्हणून लिहिते.

मला संयुक्त राष्ट्रांत जायचं नाहीये. माझ्या डोक्यात ऊस आहे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने आपल्या साखरेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. उसाला जो एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) मिळतो, ज्यासाठी बाबा दरवर्षी आंदोलनाच्या बातम्या वाचतात, तोही त्या तक्रारीत होता. १४ डिसेंबर २०२१ ला निकाल भारताविरुद्ध गेला. त्यावर भारताने अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळच २०१९ च्या डिसेंबरपासून बंद पडलंय, अमेरिका नवे सदस्य नेमू देत नाही. म्हणजे अपील अशा दारात जाऊन पडलं जिथं आत कुणी नाही. हे मला कॉलेजात नाही, एकटीने वाचताना कळलं, आणि बाबांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "आधी चहा घे."

दुसरं असं. आमच्या शेतात दरवर्षी बीडकडची टोळी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. ब्राझीलच्या साओ पाउलोमध्येही ऊस हातानेच तोडायचे. तिथं तोडणीआधी फड पेटवायचे, पाला जळला की तोडणी भरभर होते. धुराचा त्रास म्हणून २००७ मध्ये सरकार आणि कारखान्यांनी जाळणं थांबवायचं ठरवलं. हिरवा ऊस हाताने तोडणं परवडेना, म्हणून यंत्रं आली आणि तोडणारे गेले. आपल्याकडे ऊस जळाला तर तो 'जळीत', वजनात कपात. आपली टोळी हिरवाच तोडते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून चार पैसे करते. मग ब्राझीलमध्ये यंत्र आलं ते धुरामुळे आलं का? की आपल्याकडं शेतं लहान, सऱ्या अरुंद, म्हणून इथं उशीर झाला? की उचल देऊन बांधलेली माणसं यंत्रापेक्षा स्वस्त पडतात म्हणून? आणि यंत्र उद्या आलंच तर कोयता कुठं जाणार? बाबा, ह्या तुमच्या दोन परीक्षानळ्या.

@फोंडेकर काका, हे सगळं मी इंग्रजीत वाचलंय आणि कुठं तरी अडतं. ब्राझीलचे तोडणीवाले स्वतः काय म्हणत होते ते इंग्रजीत जवळपास नाहीच. पोर्तुगीज शिकायला किती दिवस लागतात?

शेवंती | सोमवार, रात्री १०:४०

पोरी, मघाचं कडू बोलणं तुझ्यासाठी नव्हतं.

तिरकस | सोमवार, रात्री १०:४१

माझ्याकडे यावर काही तिरकस नाही. नोंद घ्यावी.

फोंडेकर | सोमवार, रात्री ११:०५

मराठी येतं ना? मग अनुनासिकाला घाबरणार नाहीस, अर्धं काम तिथंच झालं. रोज तास दिला तर वर्षात वर्तमानपत्र. पण ब्राझीलची पोर्तुगीज वेगळी, कोल्हापुरी आणि पुणेरीइतकी. लिस्बनची शिकलीस तर साओ पाउलोत हसतील, समजतील मात्र. व्यक्तिगत निरोप बघ, सुरुवातीची पुस्तकं कळवतो.

गंगाढाबा | सोमवार, रात्री ११:१५

लॅटिन अमेरिकेचं केंद्र जेएनयूत आहे हे वर लिहिलंच होतं. आणि भाषेचं स्कूल त्याच आवारात, चालत जाण्यासारखं. फक्त सांगितलं हं.

लाइपझिगकर | सोमवार, रात्री ११:२०

हा पक्षपात आहे. @लेक, दोन्हीकडे अर्ज कर. हेतुपत्रात वरचा परिच्छेद जसाच्या तसा घाल, चहासकट.

हिरण्यकेशी | मंगळवार, सकाळी ६:३०

चहाचं खरं आहे. तेव्हा गॅसवर ठेवला होता, उतू चालला होता.

दोन्हीकडे अर्ज करायचं ठरलं आहे. बी. एड.चा विषय बंद. आईला रात्री सांगितलं, ब्राझीलमध्ये पण ऊस असतो आणि नात त्याचा अभ्यास करणार. आईने विचारलं, "टनाला दर काय देत्यात तिकडं?"

कुणाला माहीत असेल तर सांगा. ती रोज विचारते आहे.

मोडीवाचक | मंगळवार, सकाळी ७:०२

आजींनाच एम. ए.ला बसवा.